सिमेंटचा पत्रा, ए.सी. पाईप आणि आपलं घर: ॲस्बेस्टॉसचं नेमकं करायचं काय

मे महिना. खळ्यात आईने फणसाचे पापड वाळत घातलेले आणि वर छपरावर दोन पोरं हातोड्याने सिमेंटचे पत्रे फोडत होती. फोडत म्हणजे अक्षरशः फोडत, कारण ठेकेदाराचं म्हणणं असं की हुकांचे नट गंजलेत, ते सोडवत बसलं तर दोन दिवस जातील, फोडले की दुपारपर्यंत काम खलास. दुपारी पापड उचलायला गेलो तर प्रत्येक पापडावर राखेसारखी करडी पूड, बोट फिरवलं की खरखर. खाली पडलेला एक तुकडा उचलून बघितला तर तुटलेल्या कडेला बारीक पांढरे केस बाहेर आलेले, वाऱ्यावर उडणारी म्हातारी असते ना, तसे. वरच्या पोराला म्हटलं अरे तोंडाला काहीतरी बांध, तर तो हसला, "सिमेंटाचो पत्रो तो, त्याका काय होता?"

काम तिथेच थांबवलं, पापड टाकून दिले, आई दोन दिवस बोलली नाही. पण त्यानंतर जे वाचलं, विचारलं, उरलेले पत्रे काढताना जे शिकलो ते इथे पायरीपायरीने लिहितोय. ज्यांनी जुनं घर घेतलंय, पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतायत, गावचं घर दुरुस्तीला काढलंय, किंवा आपल्या नळाला जुन्या ए.सी. म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाईपमधून पाणी येतं हे कळल्यापासून ज्यांची झोप उडालीय, त्यांच्यासाठी आहे हे.

सगळ्यात आधी: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

ॲस्बेस्टॉस हा खनिजाचा तंतू. जमिनीतून निघतो, जळत नाही, सडत नाही, ओढला तर तुटत नाही आणि स्वस्त, म्हणून सिमेंटमध्ये घालून पत्रे, पाईप, टाक्या सगळं केलं. आपल्या पत्र्यात तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी सिमेंट. प्रकार सहा, पण आपल्या छपरावर असतो तो बहुतेक पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल. निळा आणि तपकिरी त्याहून वाईट, पण म्हणून पांढरा चांगला असं अजिबात नाही, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवाली संस्था सगळ्याच प्रकारांना पहिल्या गटात टाकते, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की झालेल्या गोष्टींच्या गटात.

पण होतो कसा हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. पत्रा वर नुसता बसलाय, अखंड आहे, तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेला असतो. पत्रा फुटला, कापला, घासला, भोक पाडलं, की तंतू सुटतो आणि हवेत जातो. आपला केस असतो साधारण सत्तर मायक्रॉन जाड, हा एकेकटा सुटा तंतू तीन मायक्रॉनपेक्षाही बारीक, डोळ्याला दिसत नाही, शांत हवेत तासनतास तरंगतो, श्वासातून फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि शरीराला तो विरघळवता येत नाही. मग वीस, तीस, चाळीस वर्षांनी आजार. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे फुफ्फुस घट्ट होत जाऊन दम लागणं. फुफ्फुसाचा कॅन्सर. आणि मेसोथेलिओमा, फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, एरवी फारच कमी दिसणारा, आणि दिसला तर बहुतेक वेळा मागे ॲस्बेस्टॉसच निघतं. हा उशीर किती लांबचा आहे बघा, १९९५ साली सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षं जपून ठेवा. चाळीस! म्हणून "आमच्या आजोबांनी आयुष्य काढलं पत्र्याखाली, काय झालं नाही" हे वाक्य मला पटतही आणि नाहीही. पत्र्याखाली राहून बहुतेकांना काही होत नाही हे खरंय, पण आजोबांनी पत्रा कापला नव्हता.

म्हणजे मुद्दा असा की घरातला माणूस वर्षानुवर्षं पत्र्याखाली झोपून जेवढी धूळ घेत नाही तेवढी तो घाबरून पत्रे फोडायला लावतो त्या एका दुपारी घेतो. मी तेच केलं.

पायरी १: आपल्याकडे आहे का ते बघा (न फोडता!)

नालीदार करडा पत्रा, साधारण सहा मिलिमीटर जाड, टकटक केलं की लोखंडासारखा खणखण न वाजता मातीच्या भांड्यासारखा बोदा आवाज, पावसाळ्यात वर शेवाळ, उन्हाळ्यात काळे डाग. हा सिमेंटचा पत्रा. जस्ताचा पत्रा किंवा रंगीत प्रोफाइल पत्रा वेगळा, त्यात हे नसतं. आता बाजारात ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात, दिसायला सेम टू सेम, त्यामुळे नवीन पत्रा असेल तर छापलेलं वाचा. आयएस ४५९ हा आकडा दिसला तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्याचा आपल्याकडचा मानक क्रमांक आहे, संपला विषय. आणि जुना असेल, नव्वदच्या दशकातला किंवा आधीचा, तर तपासणी न करता आहे असंच धरून चला, चुकलात तरी नुकसान काही नाही.

छप्पर सोडून इतरही जागा बघा, लोक विसरतात. बाथरूमचं सपाट पत्र्याचं पार्टिशन, जुनं सीलिंग, संडासाचा वर गेलेला करडा गॅसचा पाईप, पावसाच्या पाण्याचा सिमेंटचा पाईप, गच्चीवरची जुनी सिमेंटची टाकी, जुन्या बंबाला किंवा भट्टीला गुंडाळलेली पांढरी दोरी. शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर ठेवायची ती तारेची जाळी आठवते का, मध्ये पांढरा गोल असलेली, ज्याच्यावर आपण चंचुपात्र ठेवायचो? जुन्या जाळ्यांमधला तो गोल ॲस्बेस्टॉसचाच. आम्ही तो नखाने खरवडायचो, असो.

खात्रीच हवी असेल तर लॅब आहे, एनएबीएल मान्यता असलेली बघा आणि आधी फोन करून विचारा की ॲस्बेस्टॉसची मायक्रोस्कोपखाली तपासणी करता का, सगळ्या करत नाहीत. नमुन्यासाठी पत्रा फोडायचा नाही, आधीच तुटलेली कड असेल तिथे पाणी मारून पक्कडीने नखाएवढा तुकडा काढा, दोन झिपच्या पिशव्यांमध्ये एकात एक घाला, जागा ओल्या फडक्याने पुसा, फडकंही पिशवीत. नुसत्या डोळ्यांनी बघून "नाही, यात नाही" असं छातीठोक सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याचं ऐकू नका.

पायरी २: हालत बघा आणि मग ठरवा

खाली उभं राहून बघा, वर चढू नका. हे वेगळं सांगतो कारण ॲस्बेस्टॉसच्या नादात लोक विसरतात की सिमेंटचा जुना पत्रा माणसाचं वजन झेलत नाही, कडक असतो पण ठिसूळ, पाय पडला की सरळ आरपार. दरवर्षी पावसाआधी पत्र्यावरून पडल्याच्या बातम्या येतातच. कॅन्सर तीस वर्षांनी, कंबर आज.

पत्रा अखंड असेल, एखाद दुसरा तडा असेल, खाली पूड पडत नसेल तर माझा सल्ला सरळ आहे, हात लावू नका. खरंच. सोडून द्या. तड्यावर खालून आणि वरून डांबरी पट्टी किंवा वॉटरप्रूफिंगची टेप, आणि जमलं तर रंग. रंग हे सगळ्यात स्वस्त औषध आहे, तंतू आतच बांधले जातात, आणि वरून पांढरा मारला तर खोली थंडही राहते. पण रंगाआधी तारेच्या ब्रशने घासायचं नाही, पॉलिश पेपर मारायचा नाही आणि ते प्रेशर मशीनने शेवाळ उडवायचं तर अजिबातच नाही, पत्र्याचा वरचा थर त्यात निघून येतो आणि गाळ सगळा खळ्यात, भिंतीवर, विहिरीत. शेवाळ ओलं करून मऊ फडक्याने जेवढं निघेल तेवढं काढा, बाकी तसंच राहू दे आणि त्यावर प्रायमर.

पत्रा भुसभुशीत झालाय, कडा सुटतायत, हाताला पांढरं लागतं, मोठे तुकडे पडलेत, माकडांनी उड्या मारून चाळण केलीय, तर मग काढायची वेळ झाली. (कोकणातली गंमत बघा, माकडं कौलं फोडतात म्हणून आमच्या बाबांनी १९९३ ला कौलं उतरवून हे पत्रे घातले. माकडं तीच, आता पत्रे फोडतात.)

भाड्याने राहत असाल तर मालकाशी बोलायच्या आधी फोटो काढून ठेवा, आणि "काका, पत्रे बदला" म्हणण्यापेक्षा "काका, तडे बुजवून रंग मारून घेऊया, गळतीही थांबेल" म्हणा. मालक लोकांना कॅन्सर पटत नाही, गळती पटते.

पायरी ३: रोजच्या राहण्यात काय पाळायचं

पत्र्याला ड्रिल मारायचं नाही. डिशचा अँटेना, पंख्याचा हुक, वायर, गणपतीच्या मखराचं तोरण, काहीही असो, लाकडी वाशाला किंवा लोखंडी अँगलला बांधा. अगदीच भोक लागणार असेल तर मशीन नको, हाताचं ड्रिल घ्या, भोकाच्या जागी दाढीच्या फोमचा जाड गोळा लावा आणि त्यातून भोक पाडा, पूड फोममध्येच अडकते, मग ओल्या कागदाने पुसून कागद पिशवीत. ऐकायला येडपट वाटतं पण परदेशात कामगारांना हीच युक्ती शिकवतात.

ग्राइंडर हा सगळ्यात मोठा शत्रू. एक पत्रा ग्राइंडरने कापला की जी धूळ उडते ती कित्येक वर्षं नुसतं खाली राहून येणार नाही.

खाली पूड दिसली तर केरसुणी नको. झाडलं की उडते. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने टिपायची, फडकं टाकून द्यायचं, धुवून परत वापरायचं नाही. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या मागून बारीक तंतू तसाच बाहेर येतो.

पन्हळीतला गाळ. हे कुणी सांगत नाही. पत्रा वर्षानुवर्षं पावसाने झिजतो आणि सुटलेले तंतू वाहून पन्हळीत साचतात. आपण काय करतो, मे अखेर तो सुकलेला गाळ खराट्याने ओढून खाली टाकतो. त्याऐवजी आधी पाणी घालून चिखल करा, मग थापीने काढून पिशवीत भरा. पाच मिनिटं जास्त लागतात.

चूल, बंब, होळीसारखा मोठा जाळ पत्र्याला लागून नको. सिमेंटचा पत्रा तापला की फटाक्यासारखा तडतडून फुटतो, तुकडे लांब उडतात. आग लागलेल्या पत्र्याच्या शेडजवळ बघ्यांनी उभं राहू नये ते यासाठीही.

पायरी ४: काढायचेच असतील तर

इथे जरा थांबून वाचा, कारण नव्याण्णव टक्के चूक इथे होते.

शक्य असेल तर हे काम जाणत्या माणसाकडून. जाणता म्हणजे काय, त्याला एकच प्रश्न विचारा, "पत्रे सोडवून काढणार की फोडून?" फोडून म्हणाला की त्याला चहा द्या आणि पाठवून द्या. ठेका देताना कागदावर लिहून घ्या की नट सोडवून पत्रे अखंड उतरवायचे, मजुरी थोडी जास्त द्या. मी दुसऱ्या वेळी हेच केलं, दीड दिवसाचं काम तीन दिवसांवर गेलं, पण एकोणीसपैकी सतरा पत्रे आख्खे खाली आले.

तयारी अशी. घरातली माणसं त्या दिवशी बाहेर, खास करून लहान मुलं, कारण त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य आहे आणि हा आजार वेळ घेणारा आहे. वाळवण, कपडे, भांडी, पाण्याच्या कळशा आत. विहिरीवर ताडपत्री. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा, खिडक्या बंद ठेवायला. खाली जमिनीवर प्लास्टिक अंथरा. वारा सुटलेला असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

मास्क. रुमाल, सर्जिकल मास्क, कापडी मास्क यांचा उपयोग शून्य. कोरोनातला एन-९५ रुमालापेक्षा बरा पण या कामाला पुरेसा धरत नाहीत. एफएफपी-३ किंवा पी-१०० फिल्टरचा रबरी अर्धा मास्क हवा, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. आणि दाढी असेल तर मास्क बसत नाही, फटीतून हवा येते, त्यामुळे त्या दिवसापुरती दाढी करा, नाही करणार तर खाली उभं राहून सुपरव्हिजन करा.

मग पाणी. ओला पत्रा धूळ सोडत नाही, हा सगळ्या कामाचा जीव. आमच्याकडे आंब्याला फवारायचा पाठीवरचा पंप होता, तो स्वच्छ तीनदा धुऊन (औषधाचा वास पूर्ण जाईपर्यंत, नाहीतर एक सोडून दुसरंच विष) त्यात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, आणि नोझल बारीक. साबणाने पाणी पत्र्यात मुरतं, नुसतं वरून घसरत नाही. शिडीवरून फवारायचं, पत्र्यावर उभं राहून नाही, ओला पत्रा निसरडा असतो. वर जायलाच लागलं तर वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यांच्यावरूनच.

हुकाचे नट आदल्या दिवशी गंज सोडवायच्या तेलाने भिजवून ठेवा, सकाळी निम्मे पान्याने सुटतात. जे सुटत नाहीत तिथे पत्रा न फोडता हुकच कापायचा, बोल्ट कटरने, ग्राइंडरने नाही. वरच्या कोन्यापासून सुरुवात, जो पत्रा शेवटी बसवला तो आधी निघतो. दहा फुटी पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे खाली टाकायचा मोह होतो. टाकायचा नाही. दोघांनी धरून दोराने उतरवायचा, जमिनीवर आडवा रचायचा, एकावर एक घसटत ओढायचा नाही.

काम संपलं की वासे, रिपा, भिंतीचं डोकं ओल्या फडक्याने पुसा. कपडे अंगावर असतानाच पाण्याने भिजवा मग काढा, त्या दिवसासाठी जुने कपडेच घाला आणि सरळ पिशवीत भरून टाकून द्या. घरच्या धुण्यात टाकू नका. जगभर असं झालंय की कारखान्यात नवरा कामाला आणि आजार बायकोला, का तर ती त्याचे कपडे झटकून धुवायची. नंतर अंघोळ, डोक्यावरून. मास्क सगळ्यात शेवटी काढायचा.

पायरी ५: काढलेल्या पत्र्याचं करायचं काय

आपल्याकडे खरी बोंब इथे आहे. लोक काय करतात, तुकडे करून रस्त्याच्या खड्ड्यात भराव, गोठ्याच्या भिंतीला टेकण, लाकडाच्या ढिगावर झाकण, नाहीतर भंगारवाल्याला, तो घेत नाही मग ओढ्यात. भराव हा सगळ्यात वाईट प्रकार, वरून गाड्या जातात आणि रोज थोडा थोडा दळला जातो.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या यादीत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसची नोंद आहे. म्हणजे हा डेब्रिजबरोबर जाणारा माल नाही. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव अशा ठिकाणी घातक कचऱ्याची केंद्रं आहेत पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी चालतात, तुम्ही टेम्पोत सतरा पत्रे घालून दारात उभे राहिलात तर गेटवरून परत. त्यामुळे शहरात वॉर्ड ऑफिस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक ऑफिसात लेखी अर्ज करून विचारा, सोसायटीचं मोठं काम असेल तर हे ठेकेदाराच्या टेंडरमध्येच लिहा की विल्हेवाटीची पावती दिल्याशिवाय शेवटचं बिल नाही.

तोवर पत्रे जाड प्लास्टिकमध्ये, दुहेरी गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून, वर मार्करने मोठ्या अक्षरात "ॲस्बेस्टॉस, फोडू नये" लिहून, सावलीत आडवे ठेवा. बंद पडून राहिलेला पत्रा कुणाला काही करत नाही, घाई नाही.

खेडेगावात शेवटी लोक पुरतातच, ते लपवण्यात अर्थ नाही. पुरणारच असाल तर निदान अख्खे, गुंडाळलेले, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, वर कंबरभर माती, आणि अशा जागी जिथे उद्या पुतण्या नांगर किंवा जेसीबी घालणार नाही. आणि कुठे पुरलं ते घरच्यांना लिहून ठेवा.

पायरी ६: पाणी

आता नळाचं. जुन्या नळपाणी योजनांमध्ये, शहरांच्या जुन्या भागात, ए.सी. पाईप म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाईप जमिनीखाली भरपूर आहेत. नंतर डी.आय. म्हणजे चिवट लोखंडाचे, आणि पीव्हीसी, एचडीपीई असे प्लास्टिकचे आले, पण जुने बरेचसे तिथेच. मग त्यातून येणारं पाणी प्यायचं का?

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की पोटात गेलेल्या ॲस्बेस्टॉसने माणसाला अपाय होतो याचा सातत्याने मिळणारा पुरावा नाही, म्हणून त्यांनी पाण्यासाठी मर्यादा ठरवलेली नाही, पण नवीन कामात हे पाईप घालू नका असंही त्यांचं म्हणणं. अमेरिकेने मात्र मर्यादा ठेवलीय, एका लिटरमध्ये दहा मायक्रॉनपेक्षा लांब असे सत्तर लाख तंतू. आकडा ऐकून दचकू नका, तंतू इतके बारीक असतात की सत्तर लाख असूनही पाणी स्वच्छ दिसतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ॲस्बेस्टॉसचा वेगळा रकाना नाही, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या पाणी तपासणीच्या कागदात ते सापडणार नाही.

माझं मत, पाण्यातलं ॲस्बेस्टॉस हा पत्र्याच्या धुळीच्या तुलनेत खूप छोटा विषय आहे. पण शून्य नाही, कारण पाईप झिजून गेला तर काय होतं हे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वूडस्टॉक गावात १९८५ ला दिसलं, लोकांच्या नळाच्या जाळ्या तंतूंनी भरून तुंबायला लागल्या तेव्हा कळलं की जमिनीखालचा पाईप आतून विरघळत आलाय.

पाईप विरघळतो तो पाण्याच्या स्वभावाने. मऊ आणि आंबट बाजूचं पाणी सिमेंटमधला चुना खात जातं आणि तंतू मोकळे होतात. जड पाणी उलट आतून क्षाराचा थर चढवतं आणि तोच थर पाईपला वाचवतो. म्हणजे देशावर ज्या बोअरच्या पाण्याने गिझर बाद होतो, बादलीला पांढरं बसतं, डाळ शिजत नाही, तेच पाणी ए.सी. पाईपला मानवतं, आणि आमचं कोकणातल्या जांभ्यातलं मऊ गोड पाणी, ज्याचं आम्ही इतकं कौतुक करतो, ते त्याला खातं. सांगायची गोष्ट, पाण्याचा सामू (पीएच) आणि कठीणपणा कुठल्याही पाणी तपासणीत मिळतो, तो बघा. सामू सातच्या खाली आणि कठीणपणा कमी असेल, आणि पाईप जुना असेल, तर ग्रामसभेत पाईप बदलायचा विषय लावून धरण्यासारखा आहे.

घरात काय कराल? नळाच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा उघडून बघा, करडा केसाळ गाळ दिसला तर तक्रार. उकळून काही उपयोग नाही, तंतू उकळून मरत नाही, तो जिवंतच नाही, उलट पाणी आटलं की तंतू तेवढेच राहतात. नुसता यूव्ही फिल्टरही बेकार. एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टर, किंवा आरओ असेल तर तंतू अडतात, आरओ आधीच असेल तर यासाठी वेगळं काही घेऊ नका. फिल्टरची जुनी कँडल बदलताना सुकवून झटकायची नाही, ओलीच पिशवीत.

पाईपलाईन फुटली तर दुरुस्तीनंतर पहिलं पाणी वाहून जाऊ द्या, साफ दिसेपर्यंत. पण खरं सांगू का, फुटलेल्या पाईपमधून गटार आत शिरून कावीळ आणि जुलाब होतात ते आठवड्यात, ॲस्बेस्टॉस त्याच्या कितीतरी मागे. त्यामुळे फुटल्यावर पाणी उकळायचंच, ते जंतूंसाठी.

आणि पाईपच्या बाबतीत खरा धोका कुणाला, तर नवीन नळ जोडायला येणाऱ्या प्लंबरला. खड्ड्यात बसून ए.सी. पाईपला भोक पाडून फेरूल म्हणजे नळजोडणीचा तुकडा बसवतो, तोंड पाईपपासून वीतभर लांब, पूड थेट नाकात. तुमच्या दारात असं काम चालू असेल तर बादलीभर पाणी घेऊन उभे राहा आणि भोक पाडताना पाण्याची धार धरा, मी धरतो, आमचा प्लंबर आधी वैतागला, आता स्वतःच मागतो.

गच्चीवर सिमेंटची जुनी टाकी असेल तर प्लास्टिकची घ्या, जुनी कोरडी करून खरवडू नका, आणि तिला फोडून जिन्यातून उतरवायचा विचारही नको. पत्र्यावरची पागोळी साठवत असाल तर पहिल्या दोनतीन पावसांचं पाणी सोडून द्या, नंतरचं झाडांना, गुरांना वापरा. झिजलेल्या पत्र्याचं पाणी पिण्यासाठी मी तरी वापरणार नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं

एका दिवसाची धूळ नाकात गेली म्हणून लगेच सीटी स्कॅन करायला धावू नका, त्यात काही दिसणार नाही आणि रेडिएशन फुकट. धोका डोसवर असतो, किती आणि किती वर्षं. सिगरेट ओढत असाल तर मात्र सोडा, कारण ॲस्बेस्टॉस आणि सिगरेट एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

ज्यांनी वर्षानुवर्षं या धुळीत काम केलंय, पत्र्याच्या कारखान्यात, मुंबईत दारूखान्याच्या बंदरात जहाजं तोडताना, जुनी ब्रेक लायनर घासताना, बॉयलरच्या लॅगिंगवर (उष्णता अडवणाऱ्या आवरणावर), इमारती पाडताना, त्यांनी सुका खोकला किंवा जिना चढताना दम लागणं सुरू झालं तर छातीच्या डॉक्टरांना आपलं काम काय होतं ते स्वतःहून सांगा. डॉक्टर दम्याचा पंप देऊन मोकळे होतात कारण पेशंट कामाचं बोलतच नाही. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने सरकारला कळवावाच लागणारा आजार आहे आणि कामगार भरपाईच्या यादीतही आहे, म्हणून निदानाचा कागद, जुनं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी काहीही असेल ते जपून ठेवा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन ओळी

ऑस्ट्रेलियात २००३ अखेरपासून, युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे, पण बंदी आली म्हणजे भिंतीतलं गेलं असं नाही. सिडनी-मेलबर्नला १९९० च्या आधीचं घर घेत असाल तर बाथरूम स्वतः तोडायच्या आधी तपासणी करून घ्या, बहुतेक ठिकाणी दहा चौरस मीटरच्या वर काढायला लायसनवालाच लागतो. आपल्याकडे नव्या खाणींना परवाने देणं बंद झालं त्याला जमाना झाला, पण कच्चा माल रशियासारख्या देशांतून येतो आणि पत्रा आजही कुठल्याही तालुक्याच्या दुकानात रचलेला दिसतो. नवीन घालायचा असेल तर कौलं किंवा रंगीत प्रोफाइल पत्रा घाला, नाहीतर ॲस्बेस्टॉस नसल्याचं बिलावर लिहून घेऊन फायबर सिमेंटचा.

आमच्या मागच्या पडवीवर बाबांनी घातलेल्यातले अकरा पत्रे अजून आहेत. खालून पांढरा रंग मारलाय, दोन तड्यांवर डांबरी पट्टी आहे, त्यातली एक गेल्या पावसात कडेने सुटलीय. यंदा मे मध्ये ती बदलायची, आणि पापड वाळत घालायच्या आधी.